सासूबाई मैदानात उतरल्या तेव्हा

लाज वाटणं म्हणजे काय, ते मला विचारा! आमचा ईशान इथे जर्मनीत कार्ल्सरूहेला युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये आहे. सीझनभर ही पोरं एकूणएक मॅच हरली. शेवटच्या मॅचला मी पुण्याहून आलेल्या सासूबाईंना घेऊन गेले, आणि नेमकी त्या दिवशी टीम पुढे!

अगदी शेवटी बॉल ईशानकडे आला आणि समोरचे पाच-सहा धिप्पाड जण त्याच्या अंगावर पडले. मी म्हणतेय, "अहो आई, हा खेळच असा असतो," तोवर त्या साडी सावरत मैदानात!

"उठा रे मेल्यांनो! गुदमरेल पोर!" म्हणत त्यांनी एकाच्या पाठीत धपाटा घातला.

खेळ थांबला. मी त्यांना आणायला धावले. कोच ओरडला, "कोण या बाई?"

ईशान उठला, आजीकडे बघून जर्मनमध्ये म्हणाला, "माहीत नाही. मी नाही ओळखत यांना."

"काय गं म्हणाला?" आईंनी मला विचारलं.

मी पटकन म्हटलं, "सगळ्यांना सांगतोय, ही माझी आजी."

आईंचा चेहरा असा फुलला! बाहेर येईपर्यंत त्या सगळ्या टीमला हात करत होत्या.

तीही मॅच पोरं हरलीच. गाडीत आई सारख्या म्हणत होत्या, "किती अभिमानानं सांगितलं गं त्यानं!"

मागच्या सीटवर ईशान ऐकत होता. मराठी तो बोलत नाही, पण त्याला कळतं सगळं.