तुलनेची ओळ

मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी खाताय ना, म्हणून सांगतो. तालुक्याहून शेतकीचे साहेब यायचे. त्यांनी बाबांना वालावर फवारायला औषध दिलं. म्हणाले, "यानं झाडालाच रोगाशी लढायची ताकद येते. फक्त एक ओळ न फवारता ठेवा, तुलनेला."

बाबांनी इमानानं ठेवली. शेंगा भरल्यावर साहेब वही घेऊन आले. "बिनऔषधाची ओळ कुठाय?"

"ती पोपटीत गेली, साहेब. पोरं मुंबईवरनं आलेली. त्यांना औषधाच्या शेंगा कशा घालू?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, पण तिच्यावर रोग किती होता?"

"ते न्हाय बघितलं. मडक्यात एक शेंग राहिली न्हाय."

आता बाबा नाहीत. सगळा वाल मीच फवारतो, तेवढी एक ओळ ठेवतो. नवे साहेब विचारतात, "तुलनेसाठी का?"

मी व्हय म्हणतो आणि मडकं धुवायला घेतो.