बाबांचा परवलीचा शब्द

पासवर्ड विसरला म्हणून काय रडता! आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी तो सत्तरच्या दशकातच होता, आणि तोही घरीच तयार केलेला.

झालं असं, की "साहेबांनी रेडिओ दुरुस्तीले मागवला" असं सांगून एक भामटा शेजारच्या काकूंचा रेडिओ घेऊन गेला. बाबांनी लगेच आईला बजावलं, "आता परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय दार उघडायचं नाही. मी आलो तरी! आवाजाची नक्कल करणारे असतात."

देवाचं नाव कोणीही ओळखेल. आमची नावं तर आई दिवसभर गल्लीत ओरडायची. शेवटी बाबांनीच शब्द निवडला, "दोडका". त्यांना दोडका बघवायचाही नाही, म्हणजे हा शब्द कोणाच्या डोक्यात यायचा नाही.

त्यांच्याही आला नाही. दुसऱ्याच संध्याकाळी ऑफिसातून येऊन दाराबाहेर उभे.

"शब्द?" आईनं आतून विचारलं.

"कारलं? भोपळा?"

"नाही."

"अवं, मी आहो ना!"

"भामटाही असंच म्हणन."

गल्लीतल्या बायका ओट्यावर जमल्या. बाबा रडकुंडीला आले आणि ओरडले, "अवं, तुह्या हातची कोणतीबी भाजी मले गोडच लागते! उघड ना आता!"

कडी वाजली. आई हसत म्हणाली, "शब्द चुकला. पण हाही चालते."

दुसऱ्या दिवशी बाबांच्या डब्यात दोडका होता. डबा चाटूनपुसून परत आला. करतात काय, अख्खी गल्ली साक्षीदार होती!