शेठजींच्या आतड्यातली गाठ

विहिरीवर अर्धंच कानावर पडलं माझ्या, "शेठना आतडामा कर्करोगनी गाठ शे, आते त्यासनी अन्न सोडं, मंग..." राहिली घागर तिथंच, मी धावले शेजारी, शेठजींकडे!

आतड्यांच्या रोगांचा अभ्यास करायला खांडबाऱ्याला आलेले डॉक्टर तिथंच होते. शेठजींची ताजी, कोमट आव सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत म्हणाले, "कर्करोग नाही, हे बघा, वळवळणारे जंतू! सुया घ्या. जंतू मरतील, गाठही विरेल."

शेठजी पक्के जैन. त्यांनी भिंगाला डोळा लावला अन् हातच जोडले, "इतला जीव मारीसन मी जगू? सुई नको!"

शेठाणी कडाडल्या, "अन् तुमना मांगे मी मरसू, ती हत्या कोणना माथे?"

शेठजींनी दंड पुढे केला.

पंधरवड्यात गाठ विरली. अन्न सोडलं त्यांनी खरंच, पण बरं झाल्यावर, एकच दिवस. मेलेल्या जंतूंचं प्रायश्चित्त म्हणून!