सदूने लिहिलेल्या चाली

भरवसा कुणावर ठेवावा, सांग बघू? दुकानात मी एवढी माणसं पारखली, पण मला आठवतो परळचा सदू.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. दादरला बुद्धिबळाची स्पर्धा. शेवटचा डाव सदूचा नि माझा; तो जिंकला असता तर पहिला नंबर त्याचा. मी हरता हरता शहावर शह देत राहिलो आणि म्हणालो, "पंच, हीच मांडणी तिसऱ्यांदा आलीय. नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सोडवा."

पंचांनी पुराव्याला माझा चालींचा कागद मागितला. खिडकीतून रस्त्यावरच्या मोर्चाबरोबर घोषणा देण्याच्या नादात माझ्या चार चाली लिहायच्याच राहिलेल्या!

सदूने आपला कागद पुढे केला. "तीनदा आलीय, साहेब."

बाहेर मी म्हटलं, "येड्या, नंबर घालवलास!"

"तू माझ्या वाटणीचं ओरडलास ना रे? मी तुझ्या वाटणीचं लिहिलं."

आज आपल्या दोघांच्या या डावाच्या चाली तू लिहितोयस. मी बडबडत राहीन. तू मात्र खरं तेच लिही.