मोबाइलमधली बाई काय म्हणते

आमच्या मोहाडीच्या दादाचं सांगतो. साखरेच्या आजारानं त्याची नजर गेली, तेव्हा त्याच्या पोरीनं, सुनंदानं, मोबाइलमध्ये मेसेज वाचून दाखवणारा आवाज चालू करून दिला. दादा वैतागला. "हे बाई बोलून राहिली का पत्र्यावर तांदूळ ओतून राहिली? मले एक शब्द समजत नाही."

वहिनीनं युक्ती काढली. रोज सकाळी मोबाइलवरची एक बातमी आधी ती स्वतः वाचायची, मग तीच त्या आवाजात ऐकवायची. ओळखीची बातमी पुन्हा ऐकताना दादाला हळूहळू शब्द सुटे ऐकू यायला लागले. महिनाभरानं तर वहिनीनं आधी वाचायची गरजच उरली नाही.

परवा सुनंदा बाळंतपणाला भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती, वहिनी तिच्याजवळ. घरी दादा आणि सोबतीला मी. ऑपरेशन करावं लागेल, असा सकाळी फोन आला, आणि नंतर कोणाचा फोनच लागेना. दोघांनाही जेवण गेलं नाही.

दुपारी जावयाचा मेसेज आला. माझा चष्मा माझ्या घरी राहिलेला, मला वाचता येईना. मोबाइलमधली ती बाई भरभर काहीतरी बोलली, मला ओ की ठो कळलं नाही.

"दादा, काय म्हणते?"

दादा डोळे पुसत म्हणाला, "पोरगी झाली. सुनंदा बी बरी हाये."

माझ्या जिवात जीव आला. दादानं तोच मेसेज पुन्हा लावला.

"समजलं ना तुले? मंग पुन्हा काहून?" मी विचारलं.

"समजलं म्हणूनच तं आयकून राहिलो!"