दाराला टेकवलेला खराटा

हिल्या : बूट काढ आधी. पोलीस असशील तू तिकडे शहरात. माझ्या गालिच्यावर बर्फ आणायचा नाही.

अन्निकी : आई, मी पाहुणी म्हणून आलेली नाही. एवर्टकाकाबद्दल विचारायचंय.

हिल्या : त्यात काय विचारायचं? एकटा म्हातारा, पडला जिन्यावरून. कॉफीत आपल्याकडच्यासारखं चीज घालू?

अन्निकी : नको. पडला बुधवारी रात्री. मेला शुक्रवारी दुपारी. खुबा मोडलेला, चूल विझलेली. डॉक्टर म्हणतात, दीड दिवस जिवंत होता.

हिल्या : अरे देवा.

अन्निकी : त्या दीड दिवसात टपालवाली येऊन गेली, सरपणवाला येऊन गेला. दाराला बाहेरून खराटा टेकवलेला बघून दोघं परत फिरली.

हिल्या : फिरणारच. खराटा म्हणजे घरात कुणी नाही. इथं कुलपं कोण लावतं? तुमच्यासारखं चोरांचं गाव नाही हे.

अन्निकी : मीही परत फिरले, आई. गुरुवारी. त्यानंच फोन करून बोलावलं होतं, 'तुझ्या बापाबद्दल सांगायचंय' म्हणून. वीस वर्षं लोकांची दारं फोडली मी. इथं खराटा दिसला आणि शाळकरी पोरीसारखी निघून गेले. भिंतीपलीकडे तो होता.

हिल्या : मग बाटली उघडली असशील.

अन्निकी : नाही. चव्वेचाळीस दिवस झाले.

हिल्या : मोजतेयस म्हणजे आठवण येतेय.

अन्निकी : येते. विषय बदलू नकोस. आत पडलेला माणूस बाहेरून खराटा कसा टेकवेल? त्याचा स्वतःचा सॉनात, वाफेच्या न्हाणीत, टांगलेला आहे. दारातला लाल लोकरीनं बांधलाय. तसा या गावात एकच बाई बांधते.

हिल्या : आईची झडती घ्यायला आलीस? ज्या हातांनी तुझा शेंबूड पुसला...

अन्निकी : खराटा तू ठेवलास?

(हिल्या कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवते.)

हिल्या : तू येणार हे बुधवारी त्यानंच सांगितलं. आम्ही कडाकडा भांडलो. गुरुवारी उजाडताच मी जाऊन टेकवला. तुला माघारी धाडायला, एवढंच. वाटलं, म्हातारा निजलाय. देवाशप्पथ, पडलाय हे माहीत असतं तर पाठुंगळी घालून आणला असता मी त्याला.

अन्निकी : हाक नाही मारलीस?

हिल्या : त्याला? भांडण झाल्यावर? मी?

अन्निकी : संध्याकाळी काढायचास तरी.

हिल्या : काढणार होते. मग म्हटलं, तू पुन्हा आलीस तर? राहू दे अजून एक दिवस.

अन्निकी : काय सांगणार होता तो मला?

हिल्या : तुझा बाप नदीवरचा बर्फ फुटून बुडाला असं तुला, गावाला सांगितलं, ते खोटं. त्या रात्री तो झिंगून आला, नेहमीसारखा. मी आतून अडसर घातला. या गावात कुणी घालत नाही, मी घातला. तू सहा वर्षांची, मला चिकटलेली. वाटलं, जाईल एवर्टकडे निजायला. तो पायरीवरच बसला. सकाळी एवर्टला दिसला, ताठ झालेला. आम्ही दोघांनी मिळून त्याला नदीवर नेला.

अन्निकी : दार वाजत होतं. इतकी वर्षं मला वाटायचं, ते स्वप्न आहे.

हिल्या : तू पिऊन यायचीस तेव्हा मी उघडत होते ना? एकदा तरी बाहेर ठेवलं तुला?

अन्निकी : नाही ठेवलंस.

हिल्या : मग? आता हे सगळं कागदावर लिहिणार?

अन्निकी : आईच्या प्रकरणात नियमानं मला लिहिता येत नाही. किरूनाहून दुसरी पोलीस बाई ठाण्यात येतेय. तिला तूच सांग. मी शेजारी बसेन.

हिल्या : आणि नाही सांगितलं तर?

अन्निकी : तर मी सांगेन.

हिल्या : बापावर गेलीस म्हणून आयुष्यभर रडले मी. मेली माझ्यावरच गेली आहेस.

अन्निकी : कोट घाल, आई. बाहेर उणे अठ्ठावीस आहे.