परतूरची स्विंग पार्टी

...न्हाई न्हाई, बंद पडली म्हणू नका, बंद पाडली! बंद पडतं ते इंजिन. आमची बँड पार्टी लोकांनी बंद पाडली, अन् का, तर लई चांगलं वाजवती म्हणून! ऐकलंय का असं कुठं?

तुम्हाला सांगतो, परतुरात आमचा लग्नाचा बँड. मी धर्मराज, क्लॅरनेटवाला. डीजे आला अन् आम्ही बसलो घरी. तेवढ्यात शेजारच्या शैलाताईचा पोरगा अपूर्व पुण्याची नोकरी सोडून आल्ता, गळ्यात सॅक्सोफोन. म्हणतो, "काका, आपण स्विंग वाजवू." म्हणलं, हे काय असतं? तर म्हणे आपल्या पणज्याच्या काळात अमेरिकेत लोक यावर नाचायचे, आता पुन्हा फॅशन आलीय. "फक्त ठेका सरळ नको काका, जरा लंगडत चालला पाहिजे." आमचा ढोलवाला राधेश्याम म्हणतो, "माझा गुडघा लंगडून राह्यलाय, तेवढा पुरे न्हाई का?" पण एक दिवस ठेका असा बसला, असा बसला, की राधेश्याम स्वतःचा गुडघाच इसरला! वाजवलं मात्र बराबर!

पहिला कार्यक्रम आष्टीच्या जत्रेत. कडक इस्तरीचे कोट घालून गेल्तो. तर जागा कुठं? पाळण्यांच्या रांगेत! अन् समोर ही बायापोरांची लाईन! जत्रा कमिटीचे सर्जेराव म्हणतात, "झोका कुठंय?" म्हणलं, कशाचा झोका? "अहो, स्विंग म्हणजे झोकाच ना? माझी नात सांगती, इंग्लिश मिडियमला हाय ती!" आता काय करता? पोरं रडून राह्यली, अपूर्व घामाघूम... मी आपलं क्लॅरनेट तोंडाला लावलं. अन् मंग? कडेवरचं पोर रडता रडता डोलायला लागलं, मंग त्याची आई, मंग सर्जेराव! झोका न्हाई मिळाला, पण हलल्याबिगर एक माणूस घरी गेला न्हाई. वाजवलं बराबर!

मंग केदारखेडा. अण्णासाहेबांच्या लेकीचं, राजनंदिनीचं लग्न. वरात मांडवाच्या दारापर्यंत आली अन् तिथंच अडकली. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचून राह्यला, व्याही नाचून राह्यले, भटजी माईकवरून "जल्दी करा, मुहूर्त टळतोय" ओरडून राह्यले, अन् ओरडता ओरडता त्यांचाच पाय ठेक्यावर! अण्णासाहेब लालबुंद, "धर्मराज, बंद कर!" करतच होतो हो... तेवढ्यात आतून खुद्द नवरी, मुंडावळ्या बांधलेली, हार हातात, "काका, अजून एक!" आता नवरीचं मन मोडायचं का? न्हाई मोडलं. मुहूर्त मोडला.

तिथून गावोगाव झालं, "धर्मराजची पार्टी एक नंबर, पण लग्नाला सांगू नका!" लग्नाला न्हाई तर बँडवाल्याला काय दहाव्याला सांगायचं? अपूर्व गेला परत नोकरीवर. पण परवा बाजारात राजनंदिनी भेटली. म्हणती, "काका, लग्नातलं बाकी सगळं इसरले, तुमचं वाजवणं तेवढं ध्यानात राह्यलं." छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटली!

तसाच घरी आलो. आमच्या अर्पिताचं लग्न ठरलंय. म्हणती, "बाबा, माझ्या लग्नात..." मी तर लगेच क्लॅरनेटची पेटी उघडली, "बोल बाई, कोणतं वाजवू?"

"तसं न्हाई बाबा... सासरचे मुहूर्ताला लई कडक हायेत."

काय करता? गेलो... अन् मीच डीजे सांगून आलो.